रोजचा हयातीचा दाखला

राहुरीहून बोलतोय. मागं जी घरघर ऐकू येतेय, ती नगर-मनमाड रस्त्यावरच्या ट्रकांची. खिडकी लावली तरी येतेच, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे रिटायर्ड पुरुषांचा. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. तुम्ही विशी-पंचविशीतले आहात, कानात हेडफोन घालून एसटीत नाहीतर होस्टेलच्या कॉटवर पडून ऐकताय, हे मला माहीत आहे. पण तुमच्या घरात एक तरी माणूस असा असणार, जो मोबाइल घेऊन तुमच्याकडं येतो आणि म्हणतो, "जरा बघ रे, हे काय झालंय." तुम्ही दोनदा बोट फिरवता, फोन परत देता. काम संपलं. आज त्या माणसाबद्दल बोलू. म्हणजे असं, की ज्यांचं सगळं आयुष्य एकमेकांना प्रत्यक्ष भेटण्यात गेलं, ती माणसं मोबाइलवर भेटायला लागली, तेव्हा त्यांच्या हाती काय आलं आणि हातातून काय निसटलं?

आधी कट्टा म्हणजे काय, ते सांगतो. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थोडं गावाबद्दल. राहुरी म्हटलं की तीन गोष्टी. एक, महात्मा फुले कृषी विद्यापीठ, १९६८ साली सुरू झालेलं. दुसरी, साखर कारखाना. कारखाना आमच्या बोलण्यात इतका मुरलाय, की त्या भागाचं नावच 'राहुरी फॅक्टरी' पडलं. आणि तिसरी, मुळा धरण, छब्बीस टीएमसीचं. त्याच्या पाण्यावर इकडचा ऊस उभा आहे. आता ह्या तिन्हींत, शिवाय शाळांत, बँकांत, एसटीत, गावातली एक अख्खी पिढी नोकरीला होती. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची.

त्या पिढीतल्या पुरुषांच्या मैत्रीचं एक वैशिष्ट्य बघा. बहुतेकांचे दोस्त नोकरीतून आलेले. एकाच पाळीत काम, एकाच टेबलावर चहा, एकाच गाडीनं जाणं-येणं. मैत्री करायची म्हणून कुणी मुद्दाम केली नाही, ती कामाबरोबर फुकट मिळाली. मग अठ्ठावन्न नाहीतर साठाव्या वर्षी एक दिवस हार, नारळ, शाल, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा नाही, चहाचं टेबलही नाही. घरातल्या बाईमाणसाला रिटायरमेंट नसते. तिचं भजनी मंडळ, तिची भिशी, शेजारच्या पापडाला हात लावायला जाणं, हे सगळं चालूच असतं. पुरुष मात्र सकाळी दहा वाजता स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा बसतो.

कट्टा हे त्यावरचं औषध. काही ठिकाणी त्याची रीतसर नोंदणी होते, ज्येष्ठ नागरिक संघ म्हणून. महाराष्ट्रात अशा संघांचा महासंघ आहे, फेस्कॉम, १९८० पासूनचा. संघ म्हटलं की अध्यक्ष, सचिव, महिन्याची सभा, वाढदिवस, सहल, आरोग्य तपासणी आणि १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाचा कार्यक्रम. काही ठिकाणी मात्र ना नोंदणी, ना पावती पुस्तक. नुसती चार सिमेंटची बाकडी, पाठीवर 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलेली. आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा कट्टा ह्या दुसऱ्या प्रकारातला. बावीस माणसं. संध्याकाळी साडेपाच ते दिवेलागण. विषय ठरलेले: धरण किती भरलं, कांद्याला काय भाव निघाला, कारखाना यंदा कधी पेटणार, आणि गुडघे.

तिथं अध्यक्ष नव्हता, पण एक नियम होता. कुणी तो कधी बोलून दाखवला नव्हता. प्रत्येकाची जागा ठरलेली. अण्णांच्या डाव्या हाताला प्राथमिक शाळेतले मास्तर, उजव्या हाताला एसटीतून निवृत्त झालेले तात्या. एखादी जागा रिकामी दिसली, की शेजारचा विचारणार, "आज हे कुठं राहिले?" दुसऱ्या दिवशीही रिकामी दिसली, की दोघं जण उठून थेट त्याच्या घरी. विचारपूस करायला म्हणून नाही हां, "चहा प्यायला आलो" म्हणून.

मग आलं २०२०. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, त्या रविवारी कट्टा रिकामा राहिला. सगळ्यांना वाटलं एका दिवसाचं आहे. २५ मार्चपासून लॉकडाऊन. मे महिन्यात थोडं उघडायला लागलं, तेव्हा केंद्र सरकारच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेलं होतं, पासष्टच्या वरच्यांनी घरातच राहावं. म्हणजे दुकानं उघडली, रस्ते सुरू झाले, पण कट्ट्यावरच्या माणसांचं वयच आडवं आलं. अण्णा म्हणायचे, "रिटायर एकदा केलं होतं, आता दुसऱ्यांदा केलं."

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आधीपासून होता. 'शुभ सकाळ'वाला, तुम्हाला चांगला माहीत असलेला. बावीसपैकी सोळा जण त्यात. उरलेल्या सहांकडं बटणाचा फोन. ग्रुपवर एकदम पूर आला. काढ्याच्या पाककृती, कुठलाही व्हिडिओ कुठल्याही देशाचा, दिवसाला शंभरच्या वर मेसेज. एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं व्हिडिओ कॉलची मर्यादा चारवरून आठ माणसांवर नेली. पण सोळा माणसं आठात कशी बसवणार? एकाला घ्या तर दुसरा रुसतो. म्हणून आम्ही दोन-तीन नातवंडांनी मिळून झूम लावून दिलं. दर रविवारी पाच वाजता.

पहिला रविवार मी आयुष्यात विसरणार नाही. तीन चौकटींत नुसतं कपाळ. एका चौकटीत छताचा पंखा, गरगर फिरतोय. एक जण फोन कानाला लावून बसलेले, त्यामुळं आम्हाला त्यांचा कान दिसतोय, केसांसकट. सगळे एकदम बोलतायत, किंवा सगळे एकदम गप्प. "ऐकू येतंय का?" "येतंय." "काय म्हणाला?" "ऐकू येतंय म्हणालो." यात वीस मिनिटं गेली. मग हळूहळू जमलं. मास्तर बोलायला लागले, जरा रंग चढला, आणि चाळीस मिनिटं झाली म्हणून कॉल आपोआप बंद. फुकटच्या झूमचा तो नियमच आहे. मास्तरांना वाटलं, त्यांच्या बोलण्याला कंटाळून कुणीतरी बंद केलं.

आपण हसतो. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारपर्यंत सोळाचे सात झाले. पंखा आणि कपाळ नीट व्हायला लागलं होतं, तरीही माणसं गळाली. का?

यावर मी बराच विचार केलाय. कट्ट्यावर माणसं कशी बसतात ते आठवा. एका रांगेत, रस्त्याकडं तोंड करून. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर जातो, सगळ्यांच्या नजरा त्याच्या मागं जातात. मध्येच कुणीतरी म्हणतं, "पोराचा फोन आला नाही आठ दिवस." शेजारचा रस्त्याकडं बघतच म्हणतो, "येईल." बस्स. एवढ्यात दोघांचं बोलून झालेलं असतं. हेच वाक्य समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं असेल, तर तो माणूस म्हणणारच नाही.

ही आपल्या गावचीच खोड नाहीये. ऑस्ट्रेलियात 'मेन्स शेड' नावाची चळवळ १९९० च्या दशकात सुरू झाली. रिटायर्ड पुरुषांसाठी गावोगावी एक मोठी शेड, तिथं सुतारकाम करा, सायकली दुरुस्त करा, चहा प्या. आज ती कितीतरी देशांत पोचलीय. त्यांच्याकडं एक म्हणच पडलीय: पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. हातात काम पाहिजे, नाहीतर समोर रस्ता तरी पाहिजे.

आणि झूम म्हणजे काय? सोळा माणसं एकमेकांच्या तोंडासमोर, वर पुन्हा स्वतःचं तोंडही दिसतंय. बोललंच पाहिजे अशी सक्ती. गप्प बसायची सोयच नाही. कट्ट्यावर दोन तास एक शब्द न बोलता बसून घरी जाणारी माणसं होती, आणि ती समाधानानं घरी जायची. झूमवर गप्प बसलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "तुमचा आवाज बंद आहे."

इथं मी मास्तरांना मानतो. त्यांनी एक साधी गोष्ट केली. रोज संध्याकाळी साडेपाचला ते 'भक्तिविजय'मधला थोडा भाग वाचून ग्रुपवर आवाजात पाठवायला लागले. भक्तिविजय लिहिणारे महिपती आमच्याच तालुक्यातले, ताहाराबादचे. अठराव्या शतकातला माणूस. पेशानं कुलकर्णी, गावचं दप्तर सांभाळणारे. त्यांच्याबद्दल अशी कथा सांगतात, की पूजेत असताना जहागीरदाराकडून बोलावणं आलं, शिपायानं घाई केली. कामगिरी उरकून ते घरी आले आणि ठरवलं, की यापुढं ही लेखणी संतचरित्राशिवाय कशालाही धरायची नाही. १७६२ साली भक्तिविजय पूर्ण झाला. मास्तर म्हणायचे, "बघा, नोकरी सोडल्यावर माणूस कामाला लागला."

आता ह्या वाचनाला उत्तर द्यायची गरज नव्हती. नुसतं ऐकायचं. साडेपाच वाजता बावीस नाही पण सोळा घरांत एकच आवाज. समोर जणू तोच रस्ता. झूमपेक्षा हे जास्त टिकलं. तुमच्या पिढीच्या भाषेत सांगायचं तर मास्तरांनी पॉडकास्ट काढला, त्यांना तो शब्द माहीत नव्हता एवढंच.

आणि आता जे सांगणार आहे, त्यासाठीच हा भाग केलाय.

जुलै महिना. तात्या, अण्णांच्या उजव्या हाताला बसणारे. बायको वारलेली, मुलगा चाकणला कंपनीत, तात्या गावाबाहेर मळ्यात एकटे. त्यांच्याकडं स्मार्टफोन होता, ते ग्रुपमध्ये होते. त्या महिन्यात त्यांचा वाढदिवस आला. ग्रुपवर केकचे फोटो आले, हार आले, फटाके फुटणारे व्हिडिओ आले. पंधरा जणांनी शुभेच्छा दिल्या. कुणी लिहिलं, "जीवेत् शरदः शतम्."

तात्यांचं 'धन्यवाद' आलं नाही. पंधरापैकी एकालाही ते जाणवलं नाही. जाणवणार कसं? वाढदिवसाच्या खाली पुन्हा काढा, पुन्हा बातम्या, पुन्हा शंभर मेसेज. तात्यांचं नसणं त्याखाली गाडलं गेलं.

नऊ दिवस. नवव्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं, की तात्या तापानं पडून आहेत. फोन पाण्यात पडून बंद झालेला, दुरुस्तीचं दुकान उघडं नाही. मुलाला वाटायचं, मळ्यात रेंज नाही. शेजारच्या वस्तीवरची बाई दोन वेळा पेज ठेवून जायची, म्हणून निभावलं. टायफॉइड निघाला. वाचले. पण बाहेर पडले तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता.

पुढं अण्णा त्यांना भेटायला गेले, तोंडाला रुमाल बांधून, अंगणात लांब बसून. मी गाडी घेऊन गेलो होतो म्हणून मी ऐकलं. तात्या रागावलेले नव्हते. सहज बोलले, "कट्टा असता, तर तिसऱ्या दिवशी तुम्ही चहाला आला असता."

मंडळी, हे एक वाक्य. आपण सगळे समजत होतो की कट्टा म्हणजे गप्पा, आणि गप्पा काय, मोबाइलवरही होतात. पण गप्पा हे वरचं साल आहे. आतमध्ये कट्टा करतो ते हजेरीचं काम. कोण आला नाही, हे तिथं न विचारता दिसतं, कारण जागा रिकामी दिसते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रिकामी जागा दिसतच नाही. तिथं जो बोलतो तोच दिसतो. जो गप्प आहे तो झोपलाय, चिडलाय, गावाला गेलाय, का गेलाच, सगळं सारखंच दिसतं.

पेन्शनवाल्यांच्या घरात 'हयातीचा दाखला' हा शब्द माहीत असतो. दर वर्षी नोव्हेंबरात सरकारी पेन्शनरनं सिद्ध करायचं, की मी जिवंत आहे. पूर्वी बँकेत जाऊन सही करायला लागायची. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आलं, बोटाच्या ठशावर दाखला. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही होतो. चांगलीच सोय आहे, म्हाताऱ्या माणसाची रांग वाचली. पण विचार करा, सरकारला वर्षातून एकदा कळलं तरी चालतं की हा माणूस आहे. माणसाला मात्र हा दाखला रोज लागतो. कुणीतरी रोज बघावं लागतं, की हा आहे. कट्टा हे रोज संध्याकाळी साडेपाचला करत होता, फुकटात.

तात्यांच्या घरून आल्यावर अण्णा आणि मास्तरांनी जे केलं, त्यात ना अ‍ॅप होतं ना नेट. त्यांनी वहीच्या पानावर बावीस नावं लिहिली. कशी लिहिली? कट्ट्यावर ज्या क्रमानं बसायचे, त्या क्रमानं. आणि नियम केला: सकाळी साडेसातला पहिल्यानं आपल्या शेजारी बसणाऱ्याला फोन करायचा. त्यानं त्याच्या शेजारच्याला. असं करत बाविसाव्यानं पुन्हा पहिल्याला. पहिल्याला साडेआठपर्यंत फोन आला, की सगळे आहेत. नाही आला, तर साखळी कुठंतरी तुटली. ज्यानं फोन उचलला नाही, त्याच्या मागच्यानं त्याला सोडून पुढच्याला फोन करायचा, आणि जवळच्या घरी निरोप द्यायचा: जरा डोकावून ये.

बोलणं केवढं? "उठलात का?" "उठलो." "बरं." ह्याला नेट लागत नाही. बटणाच्या फोनवर चालतं. जे सहा जण ग्रुपमध्ये कधीच नव्हते, ते पहिल्यांदा आत आले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण 'ऑनलाइन' म्हणतो तेव्हा गृहीत धरतो, की सगळ्यांकडं स्मार्टफोन आहे. पण खाजगी किंवा सहकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या कितीतरी जणांना पीएफची ती ईपीएस-९५ वाली पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. हजार. त्यातून गोळ्या घ्यायच्या का रिचार्ज मारायचा? ऑनलाइन भेटीचं तिकीट ह्या माणसाला परवडतं का, हे आपण विचारतच नाही.

त्या वर्षभरात साखळी पाच-सहा वेळा तुटली. बहुतेक वेळा कारण किरकोळ. फोन चार्जिंगला, माणूस आंघोळीला. एकदा मात्र एकांची साखर उतरली होती, बोलता येत नव्हतं. पलीकडच्या गल्लीतले गेले, गूळ-पाणी दिलं, डॉक्टरला फोन केला. सकाळचे आठ वाजले होते. साखळी नसती तर कदाचित दुपार झाली असती.

आता तुम्ही म्हणाल, ते कोरोनाचं होतं, आता काय त्याचं? आता कट्टा पुन्हा भरतो, खरं आहे. बाकड्यांवर तीन-चार जागा कायमच्या रिकाम्या झाल्या, त्याबद्दल कट्ट्यावर कुणी बोलत नाही. पण उरलेल्यांतलेही सगळे येत नाहीत. एकाचे गुडघे गेले. एकाला हा रस्ता ओलांडायची भीती वाटते, आणि तुम्ही शिर्डीची गर्दी बघितली असेल तर तुम्हालाही वाटेल. दोघांना मुलांनी पुण्याला नेलं. चांगल्या मनानं नेलं, इथं एकटं कसं ठेवायचं म्हणून. तिकडं सातव्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, सगळं आहे. शेजारी कोण राहतं ते माहीत नाही.

म्हणून कट्ट्यानं मोबाइल सोडला नाही, वापरायची रीत बदलली. रोज सहा वाजता कुणाचा तरी फोन बाकड्यावर, मधोमध, स्पीकर लावून ठेवतात. पुण्याचे दोघं पलीकडून जोडलेले. त्यांच्याशी कुणी मुद्दाम बोलत नाही. कांद्याचा भाव चालू असतो, ट्रॅक्टरचा आवाज येतो, देवळातली घंटा ऐकू येते. अर्धा तास. शेवटी कुणीतरी फोनकडं वाकून म्हणतं, "काय, आहे का रे?" तिकडून आवाज येतो, "आहे, आहे." संपलं. त्यातल्या एकांच्या सूनबाईनं सांगितलं, की आमचे मामंजी त्या अर्ध्या तासासाठी सदरा बदलून बसतात.

हे ऐकायला लहान वाटतं, पण प्रश्न लहान नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसं दहा कोटींच्या पुढं होती, आणि महाराष्ट्रात जवळजवळ दर दहा माणसांत एक. तेव्हापासून हा आकडा वाढलेलाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये एकटेपणावर अहवाल काढला. जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा छळतो, आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजार, असा त्यांचा अंदाज. आणि हो, त्यात नुसती म्हातारी माणसं नाहीत. तरुण मुलं-मुली भरपूर आहेत. म्हणजे होस्टेलच्या कॉटवर पडून हे ऐकणारा जो कुणी आहे, त्याचाही हा विषय आहे. तुझ्या ग्रुपवर तीन दिवस गप्प असलेला कोण आहे, आठव बरं.

आणखी एक गोष्ट, जी हल्ली फार गरजेची झालीय. कट्टा माणसाला फसवणुकीपासूनही वाचवतो. 'डिजिटल अरेस्ट'चे फोन तुम्हाला माहीत आहेत. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस, मागं खोटं ऑफिस, "तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, कॉल बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही." ह्यातलं कळीचं वाक्य शेवटचं आहे, कुणाला सांगायचं नाही. फसवणाऱ्याला एकटा माणूस लागतो. ज्याला संध्याकाळी साडेपाचला चार जणांत बसायचंय, तो म्हणतो, "सकाळी असा असा फोन आला," आणि तिथंच कुणीतरी सांगतं, "अहो, मलाही आला होता, फेकून द्या." कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन करायचा. आणि ज्येष्ठांना कुठलीही अडचण असेल, तर १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे. हे दोन नंबर घरातल्या फोनमध्ये आजच टाकून ठेवा.

मग आपण काय करायचं? उपदेश नको, कामाचं सांगतो.

पहिलं, त्यांना अ‍ॅप शिकवण्याआधी एक प्रश्न विचारा: "तुमच्या शेजारी कोण बसायचं?" नोकरीत, कट्ट्यावर, एसटीत, कुठंही. ते नाव येईल, आणि नावाबरोबर दहा मिनिटांची गोष्ट येईल, ती ऐका. मग त्या माणसाचा नंबर शोधा. नंबर नसेल, तर गावात विचारा, मिळतो. तो नंबर फोटोसकट फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवा. एक बोट, एक माणूस.

दुसरं, वेळ ठरवून द्या. "कधीही फोन करा" म्हटलं की म्हातारी माणसं कधीच करत नाहीत, समोरचा कामात असेल म्हणून. साडेसात म्हणजे साडेसात.

तिसरं, साखळीत बटणाच्या फोनवाल्यापासून सुरुवात करा. जो सगळ्यात मागं आहे त्याला जमलं, तर सगळ्यांना जमतं.

चौथं, व्हिडिओ कॉल लावून देऊन "बोला" म्हणू नका. काहीतरी मध्ये ठेवा. वाचन ठेवा, मॅच ठेवा, बाजारभाव ठेवा. आमच्याकडं विद्यापीठातून निवृत्त झालेले एक जण आहेत, ते ग्रुपवर लोकांच्या पिकांचे फोटो बघून सल्ला देतात. सकाळी चष्मा पुसून कामावर बसल्यासारखे बसतात. काम असलं की बोलणं आपोआप येतं.

आणि शेवटचं. ज्यांना कट्ट्यावर जाता येतं, त्यांना मोबाइलवर बसवू नका. गाडी काढा, मागं बसवा, सोडून या. कट्टा पाचशे मीटरवर असताना झूम लावून देणं म्हणजे विहिरीकाठी बसून टँकर बोलावणं. मोबाइल त्यांच्यासाठी, ज्यांना पोचता येत नाही.

आमच्या वहीतलं पान आता जुनं झालंय. काही नावांवर रेघ आहे. रेघ मारली की साखळी पुन्हा जोडावी लागते, मागच्याला पुढचा नवा शेजारी मिळतो. अण्णांच्या उजव्या हाताला अजूनही तात्या आहेत. रोज सकाळी अण्णा त्यांना फोन लावतात आणि मी आतल्या खोलीतून ऐकतो. "उठलात का?" मग थोडं थांबून, "बरं."

तेवढ्यावर दोघांचा दिवस सुरू होतो.

आजच्यापुरतं एवढंच, मंडळी. हा भाग ऐकून झाला, की लगेच दुसरा लावू नका. आधी घरी एक फोन करा आणि तो शेजाऱ्याचा प्रश्न विचारा. काय उत्तर आलं, ते मला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. राहुरीहून, नमस्कार.